हजेरी आणि काम

आमच्या घरांतील सर्वांत धाकटी पुतणी पुण्यास एका प्रयोगशाळेंत संशोधन करते. ती तेथें नेमकें काय करते, हा प्रश्न आमच्या एकत्र कुटुंबांत कित्येक दिवस अनिर्णीत होता. पहिल्या वर्षीं ती दिवाळीस घरीं आली, तेव्हां वहिनींनीं, म्हणजे तिच्या आईनें, तिला हें विचारलें; आणि "मी अर्कवर काम करतें," असें तिनें सरळ सांगितलें. तेव्हांपासून वहिनी शेजारणींना मोठ्या कौतुकानें सांगत, कीं आमची मुलगी पुण्यास अर्क काढते. तुळशीचा कीं अडुळशाचा, असें कोणी खोदून विचारलेंच, तर "तें सारें इंग्रजींतलें आहे, बाई!" म्हणून त्या विषय पालटीत.

वास्तविक हा 'अर्क' म्हणजे तीन इंग्रजी आद्याक्षरांचें बनलेलें एका विकराचें नांव. विकर म्हणजे एन्झाइम. शरीरांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारें, पण स्वतः खर्ची न पडणारें प्रथिन. मीं यवतमाळांत तीस वर्षें शाळेंत रसायनशास्त्र शिकविलें असल्यामुळें घरांत मला तरी यांतलें कांहीं कळत असेल अशी सर्वांची समजूत होती. ती मोडूं नये म्हणून एके रात्रीं मीं पुतणीला ओसरीवर बसवून सारें समजावून घेतलें.

"काका," ती म्हणाली, "पेशीचें घर आपल्यासारखेंच असतें. बाहेरून आलेला निरोप ओटीवरचा माणूस माजघरांत सांगतो, माजघरांतला स्वयंपाकघरांत सांगतो. 'आतां वाढ', 'आतां दुभंगून दोन हो', असे ते निरोप असतात. या निरोप्यांच्या रांगेंत अर्क अगदीं शेवटीं शेवटीं उभा असतो. निरोप त्याच्यापर्यंत आला, म्हणजे त्याच्या अंगावर स्फुरदाचे दोन टिळे लागतात आणि तो जागा होतो. काम झालें कीं ते टिळे पुसले जातात. कित्येक कर्करोगांत तो उगाचच जागा राहतो, म्हणून आम्ही त्याच्या मागें आहोंत."

"स्फुरद म्हणजे आपण कपाशीला नत्र, स्फुरद, पालाश देतों त्यांतलेंच?"

"तेंच."

हजारों प्रकारच्या प्रथिनांच्या गर्दींतून हा एक विकर ओळखावयाचा कसा, हें मीं विचारलें. त्याचें उत्तर 'प्रतिपिंड' या एका शब्दांत आहे. प्रतिपिंडाची ओळख आपणां वऱ्हाडांतील शेतकऱ्यांच्या घरांना नवीन नाहीं. मुंबईस परळ येथें १८९९ सालीं जी प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा निघाली, व जिला १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें, तेथें घोड्यांना सापाचें विष थोडें थोडें टोंचून त्यांच्या रक्तांत जो प्रतिकार उत्पन्न होतो तो काढून घेत. सर्पदंशावर आपल्याला टोंचतात तो हाच प्रतिपिंड. त्याचा गुण असा, कीं तो ज्यासाठीं तयार झाला तेवढेंच ओळखतो व त्यालाच चिकटतो. प्रयोगशाळेंत सापाच्या विषाऐवजीं एखादें प्रथिन सशाला किंवा उंदराला टोंचून त्या प्रथिनाची ओळख पटविणारे प्रतिपिंड मिळवितात. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोहलर व मिलस्टाईन या दोघांनीं एकाच जातीचे, एकसारखे प्रतिपिंड हवे तितके काढण्याची रीत शोधली, आणि १९८४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

पुतणीपाशीं अशा दोन कुप्या होत्या. पहिलीतला प्रतिपिंड अर्क कोठेंहि असो, झोपलेला असो वा जागा असो, त्याला ओळखी. दुसरीतला मात्र टिळे लागलेल्या अर्कालाच ओळखी. पेशींतील प्रथिनें एका पातळ पडद्यावर उतरवून त्यावर हे प्रतिपिंड सोडले, कीं जेथें ओळख पटेल तेथें काळी रेघ उमटते. एका कुपीनें विकर आहे कीं नाहीं हें कळतें. दुसरीनें तो कामाला लागला आहे कीं नाहीं हें कळतें.

"म्हणजे पहिली कुपी हजेरी घेते, आणि दुसरी धडा विचारते," मी म्हणालों. माझ्या मास्तरकीच्या उपमेवर ती हंसली, आणि मी झोपावयास गेलों. ती गोष्ट मला त्या वेळीं केवळ मौजेची वाटली होती.

पुढें २०१७ साल आलें. त्या पावसाळ्यांत आमच्या जिल्ह्यांत जें घडलें तें वाचकांनीं वर्तमानपत्रांत वाचलेंच असेल. कपाशी कित्येक ठिकाणीं माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. किडीचा जोर होता, आणि एकांत दुसरें औषध मिसळून फवारण्याची घाई घरोघर चालली होती. उंच झाडांवर पंपाचा फवारा मारतांना तो अंगावर, तोंडावर व श्वासांतून आंत जाई. शेंकडों शेतकरी व शेतमजूर रुग्णालयांत पडले आणि वीसांहून अधिक माणसें दगावलीं. सरकारनें चौकशीसाठीं विशेष तपास पथक नेमलें.

आमचें वावर कळंब तालुक्यांत आहे. शेतीचा कारभार माझे थोरले बंधू पाहतात. त्यांना घरांत सारे दादा म्हणतात. आमच्याकडे बावीस वर्षें असलेला सालदार घरच्या मुलांचा 'मामा' आहे, आणि लहानमोठे सर्वच त्यांना मामा म्हणतात. त्या वर्षीं महालक्ष्म्यांचा सण ऑगस्टच्या शेवटीं आला होता. आवाहनाच्या दिवशीं संध्याकाळीं मामा केळीचीं पानें घेऊन घरीं आले, ते ओसरीच्या पायरीवर बसूनच राहिले.

"गुरुजी," ते म्हणाले, "डोकं लय दुखून राह्यलं. अन् डोयानं बी धड दिसून नाही राह्यलं."

मी पूजेच्या सामानाची यादी तपाशीत होतों. वर न पाहतांच मीं सांगितलें, "ऊन लागलें असेल, मामा. लिंबाचें सरबत घ्या, आणि उद्यां डोक्याला रुमाल बांधा." वहिनींनीं सरबत दिलें. तें पिऊन ते सायकलीवरून गांवीं परत गेले. दुसरे दिवशीं सकाळीं त्यांनीं रुमाल बांधला, आणि राहिलेलें फवारण्यासाठीं ते पुन्हां वावरांत उतरले.

महालक्ष्म्यांचें ताट वाढून झालें होतें. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सारें जागच्या जागीं होतें. आणि नैवेद्य दाखविण्याच्या वेळींच गांवाहून मोटारसायकलवर एक मुलगा धांवत आला. आम्हीं मामांना गाडींत घालून रुग्णालयांत नेलें. त्यांच्या तोंडांतून लाळ गळत होती, अंग घामानें भिजलें होतें, छातींत घरघर लागली होती, आणि दंडाचे स्नायू कातडीखालीं आपोआप थरथरत होते. डॉक्टरांनीं पापणी वर करून पाहिली. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. त्यांनीं आम्हांला फक्त एवढेंच विचारलें, "काय फवारीत होते?" आणि उत्तर येण्याच्या आधींच अॅट्रोपिनचें इंजेक्शन भरावयास घेतलें. रक्ताचा नमुना बाहेरगांवीं तपासणीस पाठवावा लागणार होता; पण अशा वेळीं तपासणीची वाट पाहून औषध थांबवावयाचें नसतें, लक्षणांवरूनच तें द्यावयाचें असतें, असें त्यांनीं सांगितलें. हें अॅट्रोपिन ज्या कुळांतील वनस्पतींपासून मिळतें, त्याच कुळांत आपला धोतराहि येतो. तोंड कोरडें पाडणारें व बाहुल्या मोठ्या करणारें तें विष येथें औषध होऊन आलें होतें.

सणासाठीं आलेली पुतणी माझ्याबरोबर रुग्णालयांत होती. ती रात्र आम्ही दोघांनीं बाहेरच्या बांकावर काढली, आणि त्या रात्रीं तिनें मला दुसऱ्या एका विकराची गोष्ट सांगितली.

मज्जातंतूचा निरोप स्नायूकडे जातो तो विजेच्या तारेसारखा सरळ जात नाहीं. शेवटच्या टप्प्यावर एक रासायनिक द्रव्य पाझरतें, व तें निरोप पलीकडे पोंचवितें. १९२१ सालीं ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला याचा प्रयोग स्वप्नांत सुचला अशी आख्यायिका तो स्वतःच सांगत असे. त्यानें दोन बेडकांचीं हृदयें घेतलीं. एकाचा मज्जातंतू चेतवून त्याची गति मंद केली. आणि त्याच्याभोंवतींचें पाणी दुसऱ्या हृदयावर सोडतांच तेंहि मंद झालें. या द्रव्याचें नांव अॅसिटिलकोलीन. त्याबद्दल लोवी व हेन्री डेल यांना १९३६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु निरोप पोंचला, कीं तो पुसलाहि गेला पाहिजे. नाहींतर स्नायू आंखडलेलाच राहील. हें पुसण्याचें काम अॅसिटिलकोलीनएस्टरेज नांवाचा विकर करतो. त्याचा एक रेणू एका सेकंदांत त्या द्रव्याचे हजारों रेणू मोडतो. सेंद्रिय स्फुरदयुक्त कीटकनाशकें, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखीं, नेमकीं या विकराच्या कामाच्या जागीं स्फुरदाचा एक गट चिकटवून देतात. मग निरोप पुसलाच जात नाहीं. लाळ, घाम, छातींतील कफ, स्नायूंची थरथर, सारें एकाच निरोपाचें न थांबणारें पाल्हाळ असतें. ज्या १९३६ सालीं लोवी-डेल यांचा गौरव झाला, त्याच सालीं जर्मनींत गेरहार्ड श्राडर हा किडीवरचें औषध शोधतां शोधतां टाबुन या प्राणघातक वायूपर्यंत जाऊन पोंचला होता. किडीचे मज्जातंतू व माणसाचे मज्जातंतू एकाच रीतीनें बोलतात, हें त्या कुळांतील विषांचें मर्म आहे.

"म्हणजे तुझ्या अर्काला जो टिळा जागें करतो, तोच याला मारतो?" मीं विचारलें.

"तोच नव्हे, काका, पण त्याच जातीचा. अर्काचा टिळा पेशी स्वतः लावते व स्वतः पुसते. हा बाहेरून लागतो, आणि वेळ गेला कीं पुसला जात नाहीं. कांहीं विषांच्या बाबतींत तो थोड्या तासांतच पक्का होतो. तो सोडविण्यासाठीं पॅम म्हणून औषध आहे, पण तें वेळेवर द्यावें लागतें, आणि त्याच्या उपयोगाविषयीं डॉक्टरांतहि मतभेद आहेत."

तेव्हां माझ्या मनांत जें आलें तें मीं बोलून दाखविलें. बाहेरगांवच्या तपासणीची वाट कशाला पाहावयाची? तिच्यापाशीं विकर ओळखणारे प्रतिपिंड असतात; त्यांनीं मामांच्या रक्तांत हा विकर शोधतां येणार नाहीं काय? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "येईल. तांबड्या पेशींवर तो असतोच, आणि त्याला ओळखणारे प्रतिपिंडहि आहेत. पण ते सांगतील, कीं विकर सगळा जागच्या जागीं आहे. कारण तो आहेच, काका. तो मेलेला नाहीं, कोठें गेलेला नाहीं. फक्त काम करीत नाहीं. विषाची ही खूणच ओळखणारे प्रतिपिंडहि संशोधकांनीं तयार केले आहेत. पण रोग्यासाठीं साधी रीत आहे ती विकराला काम देऊन पाहण्याची. तुम्हीच म्हणालां होतां ना, नुसती हजेरी घेऊन काय होतें?"

मामा आदल्या संध्याकाळीं पायरीवर बसले होते. सांगितलेल्या वेळीं आले होते, केळीचीं पानें मोजून आणलीं होतीं, बोलत होते. मीं त्यांची हजेरी घेतली होती.

काम देऊन पाहण्याची रीत एलमन यानें १९६१ सालीं प्रसिद्ध केली. रक्ताच्या थेंबांतील विकराला मोडण्यासाठीं एक कृत्रिम द्रव्य देतात. तें मोडलें गेलें, कीं पिवळा रंग येतो. रंग जितका लवकर गडद होईल, तितका विकर अधिक कार्यक्षम. प्रयोगशाळेंतील महाग कुपीच्या मानानें ही किती साधी गोष्ट! मीं शाळेंत मुलांना रंग बदलण्याचे प्रयोग शेंकडों वेळां दाखविले होते.

एक अडचण मात्र आहे. प्रत्येक माणसाचा मूळचा आंकडा निरनिराळा असतो. आज आलेला आंकडा कमी झालेला आहे कीं त्या माणसाचा नेहमींचाच आहे, हें फवारणीच्या आधींचा आंकडा हातीं असल्याखेरीज नीट ठरत नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतानें १९७४ पासून अशीं विषें हाताळणाऱ्या मजुरांच्या वैद्यकीय देखरेखीचे नियम केले. हंगामापूर्वीं रक्त तपासून ठेवावयाचें. पुढें तांबड्या पेशींतील विकराचें काम मूळच्या ७० टक्क्यांवर उतरलें, तर त्या माणसाला फवारणीवरून काढावयाचें. आणि तें ८० टक्क्यांपर्यंत चढल्याशिवाय परत घ्यावयाचें नाहीं. माणूस आजारी पडेपर्यंत थांबावयाचें नाहीं, हें त्यांतील तत्त्व. मामांचा मूळचा आंकडा आमच्यापाशीं नव्हता. आमच्या कपाटांत गेल्या वीस वर्षांच्या कापसाच्या भावाचे आंकडे होते.

बाराव्या दिवशीं मामा घरीं आले. चेहरा उतरला होता, पण चालत होते, जेवत होते. आठवडा गेला आणि त्यांनीं विचारलें, "गुरुजी, आता कवा जाऊ वावरात?" त्याच सुमारास बोंडअळी दिसूं लागली होती. दादा म्हणाले, "माणूस बरा दिसतो आहे. दोन दिवस काम होऊं दे. नाहींतर सारीं बोंडें हातचीं जातील." आमच्या घरांत दादांच्या शब्दापुढें शब्द काढण्याची चाल नाहीं. तरीहि त्या दिवशीं मी म्हणालों, "दादा, दिसतो आहे ती हजेरी. काम अजून सुरू झालेलें नाहीं." तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. जो विकर विषानें पक्का बांधला गेला, तो सुटत नाहीं. नव्या पेशी येतील तेव्हांच नवा विकर येतो, आणि हें भरून येणें रोज सुमारें एक टक्का या गतीनें होतें. तोंवर दुसऱ्यांदा विष अंगावर घेणें म्हणजे रिकाम्या कोठीवर दुष्काळ ओढवून घेणें. दादा कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मामांना बैलांच्या गोठ्याचें काम सांगितलें.

मूळचा आंकडा नसला, तर एकच उपाय राहतो: दर कांहीं दिवसांनीं रक्त तपासीत राहावयाचें. आंकडा चढत जातो, आणि चढावयाचा थांबला म्हणजे तो त्या माणसाचा स्वतःचा आंकडा समजावयाचा. आम्हीं तसें केलें. मामांचा आंकडा तीन महिन्यांहून अधिक काळ चढतच राहिला. म्हणजे ज्या माणसाला आम्हीं महिन्याच्या आंतच 'बरा दिसतो' म्हणालों होतों, तो किती खोल बुडाला होता, हें आम्हांला दिवाळी उलटून गेल्यावर कळलें. त्या वर्षीं आमच्या दोन एकरांतील बोंडें गेलीं. दादांनीं त्याबद्दल पुन्हां शब्द काढला नाहीं.

एके दिवशीं गोठ्यांत मीं मामांपाशीं आवाहनाच्या संध्याकाळची गोष्ट काढली. तुम्ही मला सांगितलें होतें आणि मीं वर पाहिलें नाहीं, ही माझी चूक झाली, असें म्हणालों. बैलाच्या पाठीवरून हात फिरवीत ते म्हणाले, "जाऊ द्या, गुरुजी. तुम्हाले काय मालूम होतं."

त्यांनीं तें माझ्या समाधानासाठींच म्हटलें. पण मला मालूम होतें. स्फुरदाची संयुगें मीं तीस वर्षें फळ्यावर लिहिलीं होतीं. औषधाच्या डब्यावर काय लिहिलें आहे तें वाचणारा घरांत मीच एक होतों. माझ्याच ओसरीवर बसून एका विकराच्या अंगावरचे दोन टिळे मीं समजावून घेतले होते. हें सारें ज्ञान ओसरीवर होतें, आणि मामा एक पायरी खालीं बसले होते.

आतां आमच्याकडे ज्येष्ठांत, पेरणीच्या आधीं, फवारणीस जाणाऱ्या प्रत्येकाचें रक्त तपासून घेतों. त्याचा खर्च घरानें करावयाचा असें दादांनीं ठरवून टाकलें आहे. ही तपासणी सर्व विषांचा पत्ता देत नाहीं. सेंद्रिय स्फुरदाच्या व कार्बामेट जातीच्या औषधांपुरतीच ती उपयोगी आहे. म्हणून कागद हातीं आला तरी बाकीचे नियम सुटत नाहींत. दोन औषधें एकांत मिसळावयाचीं नाहींत, कपाशी छातीच्या वर गेली कीं आंत शिरून फवारावयाचें नाहीं, वाऱ्याच्या तोंडावर उभें राहावयाचें नाहीं, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवावयाचे नाहींत. आणि कोणी डोकें दुखतें म्हणाला, कीं हातांतलें काम खालीं ठेवून आधीं त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहावयाच्या. वाचकांपैकीं ज्यांचीं शेतें आहेत, त्यांनीं निदान एवढें शेवटचें तरी ध्यानांत ठेवावें. त्यास ना कुपी लागते ना पैसा.

वहिनींची शेजारणींशीं बोलण्याची भाषाहि पालटली आहे. मुलगी अर्क काढते असें त्या आतां म्हणत नाहींत. "ती कोण काम करतो आणि कोण नुसता बसतो तें पाहते," असें सांगतात. ऐकणारणींना ती एखाद्या कचेरींत अंमलदार झाली आहे असें वाटतें.

तपासणीचे कागद मीं पंचांगाच्या खणांत ठेवतों. यंदाचा कागद आला त्या दिवशीं मामा पायरीवर न थांबतां ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "वाचा गुरुजी, अवंदा किती आला?" मीं यंदाचा आंकडा वाचला, मग गेल्या सालचा वाचला. त्यांनीं दोन्ही पुन्हां एकदां वाचून घेतले, आणि मग ते वावराकडे निघाले.